वेब ॲपचा सर्व्हर एका क्लाउडवरून दुसऱ्या क्लाउडवर नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिनिंगची काटापावती, शेतकरी उत्पादक कंपनीची खरेदी नोंदणी, दूध संकलन, पतसंस्थेचं खातेपुस्तक, शाळेची फी अशी ॲप्स चालवणाऱ्यांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सर्व्हर लिनक्सचा आणि डेटाबेस मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस आहे असं गृहीत धरलं आहे. सुरुवातीचे प्रश्न नव्याने हे काम करणाऱ्यांसाठी आहेत. एकदा हात पोळलेल्यांनी थेट प्रश्न ९ पासून वाचलं तरी चालेल.

१. सर्व्हर हलवायचा म्हणजे नेमकं काय काय हलवायचं? कोडचं फोल्डर आणि डेटाबेस नेला की झालं ना?

नाही. ते अर्धं काम झालं. कोड आणि डेटाबेसशिवाय अपलोड झालेल्या फाइली (सातबारा, पासबुकाचे फोटो), पासवर्ड आणि किल्ल्या असलेली एन्व्ह फाइल, क्रॉनची कामं (ठरल्या वेळी आपोआप चालणारी), मागे चालणारे वर्कर, एनजिनएक्स किंवा अपाचे या वेब सर्व्हरचं कॉन्फिगरेशन, एसएसएल सर्टिफिकेट आणि लॉग हे सगळं न्यायचं असतं. क्रॉन फक्त रूटचा पाहून थांबू नका, प्रत्येक युजरचा क्रॉनटॅब उघडा आणि सिस्टमडीचे टायमरही पाहा. कोणता प्रोग्राम कोणत्या पोर्टवर ऐकतोय त्याची यादी काढली की विसरलेल्या गोष्टी बहुतेक सापडतात. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी बसवलेला रेडिस, एखादं छोटं नोड ॲप, असं काहीबाही निघतंच.

उरलेलं अर्धं काम सर्व्हरच्या बाहेर असतं. तुमच्या जुन्या आयपीवर विसंबून कोणकोण बसलंय ते शोधायचं: एसएमएस गेटवे, बँक, काट्याचा संगणक, ईमेलची एसपीएफ नोंद (तुमच्या नावाने ईमेल कोणत्या आयपीवरून यावी ते सांगणारी). हे काम फसतं ते बहुतेक वेळा इथेच. त्यासाठी प्रश्न १३ आणि १६ पाहा.

२. जुन्या सर्व्हरचा स्नॅपशॉट (पूर्ण डिस्कची प्रत) काढून नव्या कंपनीत तसाच लावता येत नाही का?

एका कंपनीचा स्नॅपशॉट दुसरीकडे सरळ चालत नाही. काही कंपन्या डिस्कची इमेज बाहेर काढू देतात, काही बाहेरची इमेज आत घेतात. पण तशी आणलेली मशीन बूट होईलच असं नाही: डिस्कचं नाव बदलतं, नेटवर्क कार्डाचं नाव बदलतं, एफएसटॅब या डिस्कच्या यादीत कायम ओळखक्रमांकाऐवजी (यूयूआयडी) जुनं डिस्कनाव लिहिलेलं असेल तर बूट अर्ध्यावर अडकतं. शिवाय जुन्या कंपनीचे एजंट आणि कॉन्फिगरेशनही सोबत येतं.

आमचं मत स्पष्ट आहे: नवा सर्व्हर कोरा घ्या, ऑपरेटिंग सिस्टमची चालू आवृत्ती टाका आणि ॲप नव्याने उभं करा. दोन दिवस जास्त लागतात, पण सर्व्हरवर काय काय आहे ते त्या निमित्ताने एकदाचं कागदावर येतं. इमेज नेण्याचा मार्ग तेव्हाच घ्यावा जेव्हा ॲप कसं बसवलं होतं हे सांगणारं कोणीच उरलेलं नाही.

३. वर्षातला कोणता काळ बरा? आणि दिवस कोणता?

खरेदीच्या ॲपसाठी जुलैचा उत्तरार्ध ते पोळा हा काळ चांगला. पेरण्या, डवरणी उरकलेली असते आणि आवक नसते. ऑक्टोबरात सोयाबीन सुरू झालं, मागून कापूस, मग तूर, मग हरभरा, की मार्चपर्यंत श्वास घ्यायला जागा नाही. वरूड-मोर्शीकडे संत्र्याचं ॲप असेल तर आंबिया आणि मृग असे दोन्ही बहार टाळा. पतसंस्थेने ३१ मार्चच्या आगेमागे हात लावू नये. शाळेने मे महिन्यात उरकावं, आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या अखेरीसच उघडतात.

दिवस मंगळवार किंवा बुधवारचा धरा, रात्री १० नंतर. शनिवारची रात्र सोयीची वाटते खरी, पण रविवारी एसएमएसवाला आणि बँकवाला फोन उचलत नाही, आणि अडचण आली की नेमके तेच दोघं लागतात. तालुक्याच्या आठवडी बाजाराची आदली रात्रही टाळा.

४. भाऊ, आमच्याकडे लाइट आणि नेट दोन्हीचा भरवसा नाही. अर्ध्या कॉपीत नेट गेलं तर?

डेटा तुमच्या लॅपटॉपमधून जाऊच देऊ नका. हिशेब करा: २ एमबीपीएस अपलोड असेल तर तासाला जेमतेम ०.९ जीबी चढतं. ३२ जीबी फोटोंना दीड दिवस लागेल. तेच जुन्या सर्व्हरवरून नव्यावर थेट पाठवलं आणि मध्ये २०० एमबीपीएस मिळाले, तर २०-२५ मिनिटांत होतं (बारीक फाइली फार असतील तर जास्त, प्रश्न १० पाहा). तुमचं नेट फक्त हुकूम द्यायला लागतं, त्याला टूजीही पुरतं.

दुसरी गोष्ट, प्रत्येक लांबलचक काम टीमक्स किंवा स्क्रीनच्या आत सुरू करा. साध्या एसएसएचमध्ये सुरू केलेली कॉपी तुमची जोडणी तुटली की मरते. टीमक्समधली चालू राहते. लाइट आल्यावर परत जोडा आणि तिथूनच पुढे बघा. नेट सारखं लपंडाव खेळत असेल तर एसएसएचऐवजी मॉश वापरा. तो यूडीपीवर चालतो (पोर्ट ६०००० ते ६१०००), त्यामुळे फायरवॉलमध्ये ते पोर्ट उघडावे लागतात.

तिसरी गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. क्लाउडच्या खात्यात शिरायला ओटीपी लागतो, आणि लाइट गेल्यावर थोड्या वेळाने टॉवरची बॅटरीही उतरते. ओटीपी येत नाही आणि तुम्ही ऐन मध्यावर बाहेर. ओटीपी ॲपवर घ्या, बॅकअप कोड छापून खिशात ठेवा, दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. एखादा माणूस नागपूर-अमरावतीत बसवता आला तर उत्तम. नाहीतर दोघांनी दोन गावांत बसावं.

५. जुनी कंपनी डेटा बाहेर काढायचे पैसे लावते म्हणतात. किती?

लहान ॲपला सहसा काहीच नाही. ॲमेझॉनकडे महिन्याला पहिले १०० जीबी बाहेर काढणं फुकट आहे. छोट्या व्हीपीएस कंपन्यांच्या प्लॅनमध्येही ट्रान्सफर धरलेला असतो. डेटा टीबीमध्ये असेल तर मात्र आधी विचारा. २०२४ मध्ये गूगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या तिन्हींनी सोडून जाणाऱ्यांना हे शुल्क माफ करायची सोय काढली, पण त्यासाठी कॉपीच्या आधी अर्ज करावा लागतो.

खरा खर्च वेगळाच आहे: दोन्ही सर्व्हर महिनाभर सोबत चालवायचे. शिवाय ॲमेझॉन १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर घेतं, म्हणजे महिन्याला साधारण ३.६५ डॉलर. डॉलरचं बिल असेल तर जीएसटी आणि कार्डाचं परकीय चलन शुल्कही धरा.

६. नवा सर्व्हर कुठल्या शहरातला घ्यावा, आणि कोणत्या प्रोसेसरचा?

भारतातला घ्या. ॲमेझॉनची केंद्रं मुंबई आणि हैदराबादला आहेत, मायक्रोसॉफ्टचं पुण्यात, डिजिटलओशनचं बंगळूरला. विदर्भातून मुंबई की हैदराबाद यात ग्राहकाला फरक जाणवत नाही. सिंगापूर आणि अमेरिकेत जाणवतो. शेतकऱ्यांचे आधार आणि बँक तपशील असतील तर देशाबाहेर नेण्याचं कारणच नाही.

एआरएम प्रोसेसरचे सर्व्हर स्वस्त असतात आणि चांगले चालतात. पण जुना सर्व्हर इंटेल-एएमडीचा असेल तर तयार बायनरी, डॉकर इमेज, नोड मॉड्यूल्सचं फोल्डर आणि पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट तसंच उचलून चालणार नाही. सगळं नव्यावर पुन्हा बांधावं लागेल. काटायंत्राचा किंवा बोटाच्या ठशाच्या यंत्राचा बंद कोडचा ड्रायव्हर सर्व्हरवर असेल तर एआरएमचा नाद सोडा.

७. टीटीएल कमी करा म्हणतात, म्हणजे काय आणि कधी?

टीटीएल म्हणजे तुमच्या नावाचा पत्ता इतरांनी किती सेकंद लक्षात ठेवायचा ते. तो ८६४०० असेल तर आयपी बदलल्यावरही काही लोक दिवसभर जुन्या घरी जाणार. तो ३०० वर आणा, आणि बदलाच्या किमान दोन दिवस आधी आणा. ऐन रात्री कमी करून उपयोग नाही, कारण जुनं ८६४०० ज्यांनी आधीच घेतलंय ते ते संपेपर्यंत पुन्हा विचारणारच नाहीत. आठवडाभराने परत ३६०० करा.

डीएनएस (नावावरून आयपी सांगणारी यंत्रणा) जुन्या क्लाउड कंपनीकडेच असेल तर ते काम वेगळ्या आठवड्यात उरका. आधी नेमसर्व्हर बदला, काही दिवस जाऊ द्या, मग सर्व्हर हलवा. डीएनएससेक (डीएनएसच्या उत्तरांवरची सही) चालू असेल तर नेमसर्व्हर बदलण्याआधी रजिस्ट्रारकडची डीएस नोंद (त्या सहीची खूण) काढा आणि तिचा टीटीएल संपू द्या. तसं केलं नाही तर तपासणी करणाऱ्या रिझॉल्व्हरांना तुमचं डोमेन खोटं वाटतं आणि साइट उघडतच नाही.

८. डेटाबेस डम्प करून (सगळा एका फाइलीत काढून) न्यावा की रेप्लिकेशन (जुन्यावरचे बदल नव्यावर सतत उतरवणं) लावावं?

डेटाबेस १० जीबीच्या आत असेल आणि रात्री दीड-दोन तास बंद ठेवता येत असेल तर डम्प. दूध संकलनासारखं ॲप, जे पहाटे आणि संध्याकाळी बंद ठेवताच येत नाही, तेही रात्री ११ ते ३ मध्ये रिकामंच असतं. रेप्लिकेशनची हौस गरजेपेक्षा जास्त दिसते.

पोस्टग्रेसमध्ये पीजी-डम्प नव्या आवृत्तीचं वापरा, जुन्या सर्व्हरकडे बोट दाखवून. कस्टम फॉरमॅटमध्ये घेतलेला डम्प एकाच वेळी अनेक धाग्यांवर चढवता येतो. युजर आणि त्यांचे पासवर्ड डम्पमध्ये येत नाहीत, ते पीजी-डम्पऑलच्या ग्लोबल्स पर्यायाने वेगळे घ्या. चढवून झाल्यावर ॲनलाइझ चालवा, म्हणजे पोस्टग्रेस टेबलांचा अंदाज नव्याने घेतं. ते राहिलं तर सगळं बरोबर असूनही पानं कासवासारखी उघडतात आणि लोक नव्या कंपनीला शिव्या देतात.

मायएसक्यूएलमध्ये सिंगल-ट्रान्झॅक्शन, रूटीन्स, ट्रिगर्स आणि इव्हेंट्स हे चार पर्याय द्या. रूटीन्स आणि इव्हेंट्स आपोआप येत नाहीत. व्याजाची आकारणी इव्हेंटवर चालत असेल तर महिनाअखेरीपर्यंत कोणाला कळणारही नाही. मॅनेज्ड डेटाबेसवर नेताना डिफायनरची (रूटीन ज्याच्या नावाने बनवलं त्या युजरची) चूक येते, कारण जुना रूट युजर तिथे नसतो. डम्पमधून डिफायनरचा भाग काढून टाका. मायएसक्यूएल ८ वरून जुन्या मारियाडीबीवर जात असाल तर नावात ०९०० असलेलं कोलेशन (अक्षरांच्या क्रमाचा नियम) ती ओळखत नाही.

लॉजिकल रेप्लिकेशन लावलंच तर लक्षात ठेवा: पोस्टग्रेसमध्ये सीक्वेन्सचे (आपोआप वाढणाऱ्या क्रमांकांचे) आकडे त्यातून पुढे सरकतीलच असं धरू नका. बदलानंतर ते स्वतः पुढे सरकवा, नाहीतर सकाळची पहिलीच पावती डुप्लिकेट कीच्या चुकीने अडकते. टेबलाला प्रायमरी की नसेल तर रेप्लिकेशन चालू झाल्यावर त्या टेबलातले अपडेट आणि डिलीट जुन्या सर्व्हरवरच नाकारले जातात.

पडताळणी करताना नुसत्या ओळी मोजू नका. चालू हंगामाच्या एकूण क्विंटलची आणि देय रकमेची बेरीज दोन्हीकडे काढा. पैशापर्यंत जुळली पाहिजे.

९. नव्या सर्व्हरवर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली / भलतीच अक्षरं आली / चौकोन आले. काय करू?

हे तीन वेगळे आजार आहेत, औषधंही वेगळी.

चौकोन दिसतात ते फक्त पीडीएफमध्ये, स्क्रीनवर नाव बरोबर असतं. डेटा ठणठणीत आहे, नव्या सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट नाही. नोटो सान्स देवनागरी टाका, फॉन्टचा कॅश ताजा करा, पावतीची पीडीएफ पुन्हा काढा. जोडाक्षरं सुटी पडत असतील तर दोष पीडीएफ बनवणाऱ्या लायब्ररीचा, फॉन्टचा नाही.

प्रश्नचिन्हं साठवली गेली असतील तर त्या प्रतीतला मजकूर गेला, परत येत नाही. जुन्या सर्व्हरवर तो शाबूत आहे. तिथून डम्प पुन्हा घ्या, या वेळी कॅरॅक्टर सेट यूटीएफ८एमबी४ देऊन.

युरोपीय अक्षरांचा कचरा दिसतो तेव्हा मजकूर दोनदा एन्कोड झालेला असतो, आणि हा दोष बहुधा जुन्या सर्व्हरवरच होता. तिथे जोडणी लॅटिन१ ची होती, चूक आत शिरताना एकदा आणि बाहेर येताना उलटी एकदा, म्हणून स्क्रीनवर बरोबर दिसायचं. नवी जोडणी नीट आहे म्हणून जुनं पाप उघडं पडलं. तपासायला ‘गजानन’ हे नाव घ्या. यात ५ अक्षरचिन्हं आहेत (काना धरून), यूटीएफ८ मध्ये प्रत्येकी ३ बाइट. कॅर-लेंग्थ ५ आणि लेंग्थ १५ आली तर डेटा नीट. १५ आणि ३१ आली तर दोनदा एन्कोड झालंय. १५ आणि १५ आली तर कॉलम लॅटिन१ चा आहे आणि त्यात यूटीएफ८ बाइट कोंबले आहेत. शेवटच्या दोन्ही प्रकारांत जुन्या सर्व्हरवरून डम्प लॅटिन१ जोडणीने घ्या (सेट-नेम्सची ओळ न टाकता), म्हणजे मूळ बाइट जसेच्या तसे बाहेर येतात. फाइलमधल्या टेबलांच्या व्याख्येत कॅरॅक्टर सेट यूटीएफ८एमबी४ करा आणि तशाच जोडणीने चढवा. आधी एका टेबलावर करून पाहा. काही ओळी नीट आणि काही कचरा अशी सरमिसळ असेल तर हा उपाय नीट ओळींचा सत्यानाश करतो. तिथे ओळी वेगळ्या काढूनच दुरुस्त कराव्या लागतात.

१०. चार लाख फोटो आहेत. आरसिंकने (फाइली कॉपी करणारा प्रोग्राम) किती वेळ लागेल?

एकूण जीबीपेक्षा फाइलींची संख्या जास्त त्रास देते. म्हणून दोन फेऱ्या करा. पहिली आठवडाभर आधी, ॲप चालू असतानाच. दुसरी बंदच्या वेळेत, तेव्हा फक्त फरक जातो. पण काही बदललं नसलं तरी चार लाख नावं तपासायला वेळ जातोच. तो तालमीत (प्रश्न ११) मोजून ठेवा.

आर्काइव्ह आणि न्यूमेरिक-आयडीज हे पर्याय द्या. फोटो आधीच दाबलेले असतात, त्यांना कॉम्प्रेशन देऊन प्रोसेसर झिजवू नका. स्रोत फोल्डरच्या शेवटी तिरकी रेघ दिली तर आतला माल जातो, नाही दिली तर फोल्डरच आत जातं आणि ‘अपलोड्स’मध्ये पुन्हा ‘अपलोड्स’ तयार होतं. डिलीट पर्याय फक्त शेवटच्या फेरीत, तोही आधी ड्राय-रन करून. दिशा उलटी पडली तर जुन्या सर्व्हरवरचेच फोटो उडतात. नवी डिस्क घेताना आयनोडही (फाइलींच्या नोंदीच्या जागा) मोजा: जागा शिल्लक असून ‘जागा नाही’ अशी चूक येते ती आयनोड संपल्यामुळे.

आधारचे फोटो मध्येच कोणाच्या खासगी ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कक्षेत तुमची संस्थाही येते.

११. ऐन रात्रीचा क्रम काय ठेवावा?

नियम एकच: कोणत्याही क्षणी लिहिणारा डेटाबेस एकच असला पाहिजे. खालचा सगळा क्रम त्यातूनच निघतो.

जुन्यावर ‘काम सुरू आहे’चं पान लावा. जुने क्रॉन आणि वर्कर बंद करा. जुना डेटाबेस फक्त-वाचन करा. पोस्टग्रेसमध्ये ते जुन्या जोडण्या तोडल्याशिवाय पक्कं होत नाही. मायएसक्यूएलमध्ये सुपर-रीड-ओन्ली लावा. मग शेवटचा डम्प, चढवणं, फोटोंची शेवटची फेरी, बेरजांची जुळणी. आता स्वतःच्या लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमध्ये नवा आयपी लिहून खऱ्या नावाने साइट उघडा: लॉगिन, एक चाचणी पावती, तिची पीडीएफ, एक ओटीपी, एक फोटो अपलोड. पाचही झाले की चाचणी पावती रद्द करा आणि डीएनएस बदला. जुन्या सर्व्हरवरचं पान काढून तिथून सगळी वाहतूक नव्याकडे वळवा (प्रश्न १६). नवे क्रॉन सर्वांत शेवटी. होस्ट्स फाइलमधली ओळ काढायला विसरू नका, नाहीतर तुम्हाला एकट्याला सगळं बरोबर दिसत राहील.

हे सगळं तीन-चार दिवस आधी एकदा तालीम म्हणून करा, फक्त डीएनएस न बदलता आणि जुन्यावर काही बंद न करता. तालमीत नव्या सर्व्हरचा एसएमएस आणि ईमेल बंद ठेवा. खऱ्या नंबरांवर ‘आपले पेमेंट जमा झाले’ गेलं तर सकाळी दारात माणसं उभी.

१२. डीएनएस बदलायच्या आधी एसएसएल सर्टिफिकेट कसं मिळणार?

दोन मार्ग. जुन्या सर्व्हरवरचं लेट्सएन्क्रिप्टचं पूर्ण फोल्डर न्या. ‘लाइव्ह’मध्ये फक्त दुवे असतात, खऱ्या फाइली ‘आर्काइव्ह’मध्ये, म्हणून दुवे दुवेच राहतील अशी कॉपी हवी. किंवा डीएनएस पद्धतीने नवं घ्या, त्याला सर्व्हर कुठे आहे याचं देणंघेणं नसतं. तालमीत पुन्हा पुन्हा खरं सर्टिफिकेट मागू नका, त्याच नावांसाठी ७ दिवसांत ५ ची मर्यादा आहे. त्यासाठी त्यांचा स्टेजिंग, म्हणजे चाचणीचा सर्व्हर वापरा.

बदलानंतर नूतनीकरणाची तालीम लगेच करा. सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं. पोर्ट ८० नव्या फायरवॉलमध्ये बंद राहिलं तर बिघाड ऐन हंगामात उगवतो. मुदत संपत आल्याचे ईमेलही लेट्सएन्क्रिप्टने जून २०२५ पासून बंद केले आहेत.

१३. साइट मस्त चालू आहे, पण ओटीपी जात नाही, ईमेल जात नाही, बँकेचं पेमेंट अडतं.

एसएमएस गेटवे आणि बँक तुमच्या आयपीला परवानगी देतात, नावाला नाही. नवा आयपी हातात आला त्याच दिवशी दोघांना लेखी कळवा, आणि जुना काढू नका, नवा जोडा असं स्पष्ट लिहा. बँकेला आठवडा-दोन आठवडेही लागतात. बदलाची तारीख त्यावरूनच ठरवा. डीएलटीचे (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणीचे) हेडर आणि टेम्प्लेट यांचा सर्व्हरशी संबंध नाही, ते पुन्हा नोंदवावे लागत नाहीत.

ईमेलचं म्हणाल तर बहुतेक क्लाउड कंपन्या पोर्ट २५ बंद ठेवतात. डिजिटलओशनकडे ४६५ आणि ५८७ ही बंद असतात. ईमेल सेवेच्या एपीआयने पाठवा किंवा तिचं २५२५ पोर्ट वापरा. स्वतःच्या आयपीवरून पाठवत असाल तर एसपीएफ नोंदीत नवा आयपी घाला.

१४. पावतीवर वेळ साडेपाच तास मागे दिसते.

नवा सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आहे. नुसती वेळ चुकली असती तर चाललं असतं, पण तारीख चुकते. जिनिंगसमोर रात्रभर ट्रॅक्टर उभे असतात. पहाटे ४ ला काटा झालेल्या गाडीच्या पावतीवर आदल्या दिवशीची तारीख आणि रात्रीचे १०:३० छापून येतात. भाव रोज बदलत असेल तर शेतकऱ्याला आदल्या दिवसाचा दर लागतो. सकाळी ६ चा क्रॉन साडेअकराला धावतो.

टाइमझोन तीन ठिकाणी पाहा: ऑपरेटिंग सिस्टम, डेटाबेस आणि ॲप (पीएचपीची स्वतःची वेगळी सेटिंग असते). तिन्ही आशिया/कोलकाता करा आणि क्रॉनची सेवा पुन्हा सुरू करा. चुकीच्या वेळेने छापलेल्या नोंदी दुरुस्त करताना आधी कॉलमचा प्रकार बघा. मायएसक्यूएलमध्ये टाइमस्टॅम्प आत यूटीसीतच साठतो, आणि जोडणीचा टाइमझोन बदलला की आपोआप बरोबर दिसू शकतो. डेटटाइम तसा नसतो. न बघता सगळ्यांत ५:३० मिळवले तर अर्धे उलट बिघडतील.

१५. भाऊ, दोन दिवस झाले, टीटीएल ३०० आहे. तरी काही गावाईत अजून जुनंच पान दिसते. कायले?

आधी डीएनएसमध्ये एएएए नोंद आहे का बघा. ती आयपीव्ही६ चा पत्ता सांगते. लोक ए नोंद (आयपीव्ही४ ची) बदलतात आणि एएएए तशीच राहते. जिओचं जाळं आयपीव्ही६ वर मोठ्या प्रमाणात चालतं, त्यामुळे जिओचे फोन जुन्या सर्व्हरवर आणि तुमच्या ऑफिसचं ब्रॉडबँड नव्यावर, असा खेळ होतो. नव्या सर्व्हरला आयपीव्ही६ असेल तर नोंद बदला, नसेल तर काढून टाका. फोन जिओचा असला तरी आयपीव्ही४ ने पोहोचतो.

तसं नसेल तर एकतर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ची नोंद वेगळी राहिली आहे, किंवा फोनमधल्या ॲपमध्ये आयपी थेट लिहिलेला आहे. त्याचा उपाय पुढच्या प्रश्नात.

१६. काट्याच्या संगणकात जुना आयपीच टाइप केलेला आहे, आणि असे १४ काटे आहेत. सगळीकडे जावं लागेल का?

शेवटी जावं लागेल, पण त्याच रात्री नाही. जुन्या सर्व्हरवर एनजिनएक्स ठेवा आणि त्याला सगळ्या विनंत्या नव्याकडे पाठवायला सांगा. मूळ होस्टचं नाव पुढे द्या, प्रॉक्सी-एसएसएल-नेममध्ये साइटचं नाव लिहा आणि प्रॉक्सी-एसएसएल-सर्व्हर-नेम चालू करा. ते मुळात बंद असतं, मग नवा सर्व्हर भलतंच सर्टिफिकेट देतो. पुढचा पत्ता आयपीनेच लिहा, कारण एनजिनएक्स नाव फक्त सुरू होताना शोधतो.

एक खोड: या मार्गाने येणारे सगळे नव्या सर्व्हरला एकाच आयपीचे दिसतात. फेलटूबॅनने (संशयित आयपी अडवणारा प्रोग्राम) तो आयपी अडवला की १४ ही काटे एकदम बंद. जुन्या सर्व्हरचा आयपी तिथे अपवादात टाका आणि खरा आयपी हेडरमधून घ्या. मग सवडीने एकेका काट्यावर जा आणि आयपी नाही, नाव लिहा. कोण अजून जुन्या वाटेने येतंय ते जुन्या सर्व्हरच्या लॉगमध्ये दिसतं.

१७. शेतकऱ्यांना तोच एसएमएस दोनदा गेला.

दोन्ही सर्व्हरवर क्रॉन किंवा वर्कर चालू आहेत. जुन्यावर क्रॉनटॅबच्या ओळी बंद करून थांबू नका, सर्व्हर रीस्टार्ट झाला की सिस्टमडी वर्कर पुन्हा उठवतो. सेवा डिसेबल करून मास्क करा. एसएमएस दोनदा गेला तर माफी मागता येते. पेमेंटचा वर्कर असेल तर दोनदा पैसे जातात.

१८. सगळ्यांचे लॉगिन उडाले, आणि बँक खाते क्रमांक उघडताना ॲप चूक दाखवतं.

ॲपची गुप्त की नवी तयार झाली. लॅराव्हलमध्ये ॲप-की, जँगोत सीक्रेट-की. लॉगिन उडणं किरकोळ आहे, पण लॅराव्हलने त्याच कीने कॉलम एन्क्रिप्ट केले असतील तर जुनी की हाच एकमेव मार्ग. जुन्या सर्व्हरच्या एन्व्ह फाइलमधून ती आणा. नव्या कीने दरम्यान साठलेल्या नोंदी वेगळ्या काढून पुन्हा भरा.

१९. सकाळी काही बिघडलं तर परत जुन्यावर जाता येईल?

नव्यावर पहिली खरी पावती होईपर्यंत खुशाल. त्यानंतर मागे जाणं म्हणजे उलटं स्थलांतर: नव्याचा डम्प जुन्यावर. म्हणून रात्रीच एक वेळ ठरवा, समजा ३. तोपर्यंत प्रश्न ११ मधल्या पाच चाचण्या झाल्या नाहीत तर जुनं चालू करायचं, वाद नाही. सकाळी काटे सुरू झाल्यावर अडचण आली तर मागे न जाता नव्यावरच दुरुस्त करा. दोन्हीकडे पावत्या फाटल्या की एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या तयार होतात, आणि त्या हाताने जुळवायला आठवडा जातो.

साइट उघडतच नाही असं असेल तर आधी फायरवॉल. क्लाउडच्या पॅनेलमधला एक आणि सर्व्हरच्या आतला एक असे दोन असतात. ओरॅकलच्या उबंटू इमेजमध्ये आतला आयपीटेबल्स एसएसएच सोडून बाकी सगळं आधीच अडवून ठेवतो.

२०. जुना सर्व्हर कधी बंद करू? बंद केला तरी बिल येतंय.

पंधरा दिवस ठेवा, काटे जुन्या आयपीवर असतील तर ते संपेपर्यंत. सर्व्हर नुसता ‘बंद’ केला तर डिस्क आणि आयपीचं भाडं चालूच राहतं, आणि डिजिटलओशनसारख्या कंपनीकडे तर पूर्ण भाडं. सर्व्हर, डिस्क, स्नॅपशॉट, राखीव आयपी हे सगळं वेगवेगळं डिलीट करावं लागतं.

त्याआधी शेवटचा डम्प आणि लॉग स्वतःकडे घ्या. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार १८० दिवसांचे लॉग जपायचे असतात, आणि ते कंपन्यांनाही लागू आहेत. आयपी सोडण्याआधी त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या सगळ्या डीएनएस नोंदी काढा. सोडलेला आयपी उद्या दुसऱ्याला मिळतो, आणि ‘टेस्ट’ किंवा ‘ओल्ड’ अशा विसरलेल्या नावावर त्याचं पान तुमच्या डोमेनखाली उघडतं.

२१. क्लाउडचं खातं आधीच्या पोराच्या नावावर आहे, तो आता पुण्यात नोकरीला आहे आणि फोन उचलत नाही. आमच्याकडे फक्त एसएसएच आहे.

एसएसएच आणि रूटचा अधिकार असेल तर या पानावरचं जवळजवळ सगळं करता येतं, पॅनेल लागत नाही. मात्र घाई करा: त्याच्या कार्डाची मुदत संपली आणि बिल थकलं की सर्व्हर बंद होईल. आजच पूर्ण डम्प आणि फोटो बाहेर काढा. फोटो सर्व्हरवर आहेत की ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये ते पाहा. स्टोरेजमध्ये असतील तर एन्व्ह फाइलमधल्या किल्लीने आरक्लोन (स्टोरेजमधून फाइली कॉपी करणारा प्रोग्राम) लावून खाली घेता येतात. डेटाबेसमध्ये त्या फोटोंचे पूर्ण पत्ते साठवलेले असतील तर तेही बदलावे लागतील.

अडकतं ते डोमेनवर. डीएनएस त्याच खात्यात असेल आणि डोमेनही त्याच्याच नावावर असेल तर रजिस्ट्रारकडे संस्थेचं नोंदणीपत्र आणि पैसे भरल्याच्या पावत्या घेऊन अर्ज करा, आणि तोपर्यंत जुना सर्व्हर प्रश्न १६ प्रमाणे नव्याकडे वळवून ठेवा. डोमेन संस्थेच्या नावावर असेल तर काम सोपं: रजिस्ट्रारच्या पॅनेलमधून नेमसर्व्हर नवीन ठिकाणी न्या. पण जुन्या सगळ्या नोंदी आधी एक-एक विचारून उतरवून घ्या, ईमेलची एमएक्स नोंद धरून.